मेजर आर्मस्ट्राँग आणि रेडिओची खरखर

गणेशोत्सवाच्या मंडपात माईकची चाचणी सुरू झाली की दोन गोष्टी हमखास होतात. माईक कर्ण्यासमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते आणि कोणी उत्साहाच्या भरात अँप्लिफायरचे बटण जास्त फिरवले की आवाज फाटतो. मग साऊंडवाला धावत येतो, माईक बाजूला होतो, बटण मागे येते आणि आरती सुरू होते. ती शिट्टी का वाजते आणि क्षीण आवाज न फाटता मोठा कसा करायचा, या प्रश्नांपाठी ज्याने सारे आयुष्य घातले त्या माणसाची ही ओळख. मार्कोनीचे नाव शाळेच्या पुस्तकात असते, आपल्या जगदीशचंद्र बसूंचेही हल्ली आदराने घेतले जाते. आर्मस्ट्राँग म्हटले की मात्र आपल्याला चंद्रावर उतरलेला नील आर्मस्ट्राँगच आठवतो. हा दुसरा, एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. आपल्या घरात आजवर आलेल्या जवळजवळ प्रत्येक रेडिओत त्याचे काम होते.

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. आई शिक्षिका, वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतील शाखेत नोकरीला. घर सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी. लहानपणी त्याला एक आजार झाला. त्यातून तो बरा झाला, पण खांद्याला आणि चेहऱ्याला अधूनमधून बसणारा झटका जन्मभर राहिला. शाळा सुटली, दोन वर्षे घरीच अभ्यास झाला. आजारपणात एकट्या पडलेल्या मुलांपैकी काही पुस्तकात रमतात, काही यंत्रात. हा यंत्रात रमला. पुढे कुटुंब हडसन नदीकाठी योंकर्स या गावी राहायला गेले आणि त्या घराच्या माळ्यावर त्याने आपली खोली थाटली. तारा, कॉइल, बॅटऱ्या आणि कानाला लावायचे हेडफोन. दूरच्या जहाजांचे आणि किनाऱ्यावरच्या तार-केंद्रांचे मोर्सचे ठोके तिथे ऐकू येत, पण इतके क्षीण की श्वास रोखून ऐकावे लागे. अधिक ऐकू यावे म्हणून या पोराने अंगणात सव्वाशे फूट उंचीचा खांब उभा केला आणि दोराला बांधलेल्या पाळण्यातून स्वतः वर चढून एरियल बांधली. उंचावर चढण्याची ही हौस पुढेही सुटली नाही.

१९०९ साली तो कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीला दाखल झाला. योंकर्सहून लाल मोटारसायकलवर ये-जा करी. तिथे त्याला मायकेल प्यूपिन यांच्यासारखे गुरू लाभले. त्या काळात ली डी फॉरेस्ट या संशोधकाने १९०६ साली काढलेला ऑडियन नावाचा काचेचा दिवा प्रयोगशाळांतून मिळत असे. आपल्याकडे ज्याला व्हॉल्व्ह म्हणत त्याचा हा मूळ पुरुष. सिग्नल ओळखायला त्याचा थोडाफार उपयोग होई, पण तो आत नेमके काय करतो हे कोणालाच नीट उमगले नव्हते, खुद्द डी फॉरेस्टलाही नाही. आर्मस्ट्राँगने मोजमाप करायला घेतले. त्याला दिसले की दिव्यातून बाहेर पडणाऱ्या प्रवाहात येणाऱ्या सिग्नलचीच मोठी झालेली प्रतिमा असते. मग तिचा थोडा भाग परत आत सोडला तर? तो पुन्हा मोठा होईल, पुन्हा आत जाईल, पुन्हा मोठा होईल. सप्टेंबर १९१२ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्याने माळ्यावर हे मंडल जुळवले आणि हेडफोनमध्ये बारीक ऐकू येणारी केंद्रे खोलीभर ऐकू येऊ लागली.

मंडपातली शिट्टी ती हीच. कर्ण्यातला आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होतो, पुन्हा शिरतो. हे चक्र काबूत ठेवले तर हजारपट वाढ मिळते, काबू सुटला की शिट्टी. आर्मस्ट्राँगचे मोठेपण असे की ही शिट्टी म्हणजे बिघाड नसून दिवा स्वतःच लहरी निर्माण करू लागला आहे हे त्याने ओळखले. म्हणजे ज्या मंडलाने ऐकायचे, त्याच मंडलाने बोलताही येईल. पुढची सारी प्रक्षेपण केंद्रे व्हॉल्व्हच्या याच गुणावर चालली.

पेटंटच्या अर्जासाठी वडिलांनी पैसे दिले नाहीत, आधी पदवी घे म्हणाले. तेव्हा काकांच्या सल्ल्याने ३१ जानेवारी १९१३ रोजी त्याने मंडलाची आकृती काढून नोटरीकडून शिक्का मारून घेतला. अर्ज गेला ऑक्टोबर १९१३ मध्ये. या आठ-नऊ महिन्यांची किंमत त्याला पुढे वीस वर्षे चुकवावी लागली.

जानेवारी १९१४ च्या शेवटच्या थंडीत न्यू जर्सीच्या बेलमार येथील मार्कोनी कंपनीच्या केंद्रावर त्याने आपली पेटी दाखवली. पाहायला आला होता डेव्हिड सार्नॉफ, कंपनीतला त्याच्याच वयाचा महत्त्वाकांक्षी तरुण. रात्रभर दोघे कुडकुडत बसले आणि त्या एका पेटीवर आयर्लंडमधले क्लिफडेन, पश्चिम किनाऱ्यावरचे सॅन फ्रान्सिस्को, इतकेच काय प्रशांत महासागरातले होनोलुलूही त्यांनी ऐकले. तेव्हाच्या कोणत्याही यंत्राला हे साधत नव्हते. दोघांची घट्ट मैत्री झाली. पुढे आर्मस्ट्राँग सकाळीच सार्नॉफच्या घरी टपके, तेव्हा त्याची मुले त्याला कॉफीवाला माणूस म्हणत. बेलमारची ती रात्र ३० आणि ३१ जानेवारीची. तारीख लक्षात ठेवावी.

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये कॅप्टन म्हणून पॅरिसला गेला. युद्ध संपल्यावर मेजर झाला आणि हीच उपाधी जन्मभर नावाला चिकटली. तिथे प्रश्न वेगळा होता. शत्रू फार उच्च कंप्रतेच्या लहरींवर बोलत असेल अशी शंका होती आणि त्या काळचे व्हॉल्व्ह इतकी उच्च कंप्रता नीट वाढवूच शकत नव्हते. १९१८ साली त्याने त्यावर जी तोड काढली तिचे नाव सुपरहेटेरोडाइन.

नावाला घाबरण्याचे कारण नाही. समजा आपल्या मंडळाच्या पेटीवाल्याला एकच पट्टी उत्तम येते. कोणी काळी दोनमध्ये गातो, कोणी पांढरी पाचमध्ये. प्रत्येकासाठी नवी पट्टी शिकण्यापेक्षा येणारे प्रत्येक गाणे आधी आपल्या पट्टीत आणून घेतले तर काम सोपे. सुपरहेट रेडिओ हेच करतो. केंद्र १००० किलोहर्ट्झवर असेल तर रेडिओ आतल्या आत १४५५ ची लहर तयार करतो. दोन्ही मिसळल्या की फरक उरतो ४५५. केंद्र बदलले, काटा फिरला की आतली लहरही तितकीच सरकते आणि फरक पुन्हा ४५५ च. मग सगळे अँप्लिफायर आणि सगळ्या गाळण्या त्या एकाच कंप्रतेसाठी बारकाईने बनवता येतात. जुने रेडिओ दुरुस्त केलेल्या मंडळींना आतल्या चौकोनी पत्र्याच्या डब्या, आयएफटी, आठवत असतील. त्यांच्या डोक्यावरचे रंगीत स्क्रू फिरवून स्टेशन स्वच्छ करीत, ते या ४५५ साठीच. फ्रान्समध्ये ल्यूसियाँ लेव्ही आणि जर्मनीत वाल्टर शॉट्की याच वाटेने जात होते, हेही न्यायाने सांगायला हवे. पण ही कल्पना प्रत्यक्ष चालणाऱ्या पेटीत आणली ती आर्मस्ट्राँगने.

तिची कसोटी लागली डिसेंबर १९२१ मध्ये. अमेरिकन हौशी रेडिओवाल्यांनी पॉल गॉडली या आपल्या सहकाऱ्याला स्कॉटलंडला पाठवले. आर्ड्रोसन येथे समुद्रकाठच्या ओल्या शेतात तंबू ठोकून, लांबच लांब तार जमिनीलगत ताणून, सुपरहेट रेडिओ कानाशी घेऊन गॉडली रात्रीमागून रात्री बसला. पलीकडे कनेक्टिकटमधील ग्रिनिच येथे आर्मस्ट्राँगने मित्रांसह छोटे प्रक्षेपण केंद्र उभारले होते. साधारण २३० मीटरच्या लहरी. त्या लहरींवरचा पूर्ण संदेश अटलांटिक ओलांडून गॉडलीने उतरवून घेतला. या यशाने हौशी लोकांचा हुरूप वाढला आणि लहान लहरींवरून दूरदेशीचे ऐकण्याच्या छंदाला बळ मिळाले.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या मागच्या पिढीला हे दूरचे ऐकणे वेगळे सांगायला नको. दिवसा मध्यम लहरी फार लांब जात नाहीत. रात्री आकाशातल्या उंच थरावरून परतून त्या शेकडो मैल पोचतात. म्हणून जेवणे उरकल्यावर काटा हळूहळू फिरवून मुंबई केंद्र लागते का ते पाहायचे, दोन शब्द मराठीचे कानी पडले की हात तिथेच थांबवायचा आणि शेजारच्या जोरदार स्थानिक केंद्राने त्यावर आक्रमण केले की चडफडायचे. मराठीत आपण त्या छोट्या रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणू लागलो, जणू तो सुटा भाग म्हणजेच अख्खे यंत्र.

त्या आक्रमणाचेही कारण आहे. ट्रान्झिस्टर लहान, थंड, कमी विजेवर चालणारा, पण फार थोड्या मिलिव्होल्टपर्यंतच सरळ वागतो. स्थानिक केंद्राचा दांडगा सिग्नल त्याच्यावर आदळला की तो वाकडा होतो आणि दोन केंद्रे आत मिसळून कोणीही प्रक्षेपित न केलेली तिसरीच कटकट जन्माला येते. म्हणून दूरच्या केंद्रांचा छंद असलेली माणसे आपला अँप्लिफायर किती वाढवतो यापेक्षा किती कमी फाटतो हे आधी पाहतात. ट्रान्झिस्टरला सरळ ठेवण्याचा जो उपाय आहे तो आर्मस्ट्राँगच्या युक्तीच्या नेमका उलटा. बाहेरचा थोडा भाग आत सोडायचा, पण उलट्या दिशेने, म्हणजे वाढ घटते आणि शुद्धता येते. हे सुचले हॅरॉल्ड ब्लॅक यांना, ऑगस्ट १९२७ मध्ये, त्याच हडसन नदीवरच्या फेरीबोटीत बसून कामावर जाताना.

असो. आर्मस्ट्राँग एव्हाना श्रीमंत झाला होता. वेस्टिंगहाऊस कंपनीने १९२० मध्ये त्याची पेटंटे ३ लाख ३५ हजार डॉलरना घेतली. पुढे आणखी एका शोधाबद्दल आरसीए कंपनीने रोख रकमेबरोबर ६० हजार शेअर दिले आणि तो त्या कंपनीचा सर्वांत मोठा वैयक्तिक भागधारक झाला. सार्नॉफ आता आरसीएचा वरिष्ठ अधिकारी होता. त्याच्या सचिव मॅरियन मॅकिनिस या आर्मस्ट्राँगच्या मनात भरल्या. त्यांच्यावर छाप पाडण्यासाठी हे महाशय न्यूयॉर्कच्या उंच इमारतीवरील आरसीएच्या मनोऱ्याच्या टोकावर चढले आणि तिथले फोटो त्यांना पाठवले. सार्नॉफने संतापून त्याला इमारतीत यायचीच बंदी केली. डिसेंबर १९२३ मध्ये लग्न झाले. नवरदेवाची भेट काय, तर हातात नेता येणारा सुपरहेट रेडिओ. नेता येणारा म्हणजे ट्रंकेएवढा.

या सुखात एक काटा होता. डी फॉरेस्टने दावा लावला होता की पहिला शोध आपला, कारण ऑगस्ट १९१२ मध्ये आपल्या प्रयोगवहीत अशा शिट्टीची नोंद आहे. नोंद होती, हे खरे. पण ती शिट्टी म्हणजे काय हे त्याला तेव्हा कळले होते का? १९२१ आणि १९२२ मध्ये न्यायालयांनी आर्मस्ट्राँगच्या बाजूने निकाल दिला. डी फॉरेस्टजवळ पैसे उरले नव्हते. खर्चाची मागणी सोडून द्या, प्रकरण मिटेल, असे वकिलांनी सुचवले. आर्मस्ट्राँगने मानले नाही. उलट योंकर्सच्या खांबावर पेटंटचा क्रमांक लिहिलेला झेंडा फडकवला. असे गृहस्थ प्रत्येक कार्यकारिणीत एक तरी असतात. हिशेबातला शेवटचा रुपया जुळेपर्यंत ते सभा संपू देत नाहीत, आणि बहुतेक वेळा बरोबरही असतात. अंतिम हुकूमनामा नोंदवलाच गेला नाही, डी फॉरेस्टला दुसऱ्या न्यायालयाची वाट मोकळी राहिली, १९२४ मध्ये पारडे फिरले आणि १९२८ व १९३४ अशा दोन वेळा सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने कौल दिला.

व्यवसायातल्या अभियंत्यांना हा निकाल पटला नाही. आर्मस्ट्राँगला रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने याच शोधाबद्दल आपले पहिले सन्मानपदक दिले होते. निकालानंतर १९३४ च्या अधिवेशनात ते परत करायला तो उभा राहिला. संस्थेने ते परत घ्यायला नकार दिला आणि सभागृहाने उठून टाळ्या वाजवल्या. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा मान. पण न्यायालयाच्या कागदावर नाव दुसऱ्याचेच राहिले.

तोवर त्याचे सर्वांत मोठे काम झालेले होते. रेडिओवर खरखर येते ती वीज, मोटारी, गिरण्या यांमुळे, आणि ती लहरीच्या उंचीवर स्वार होते. त्या काळच्या सर्व रेडिओत आवाजही लहरीच्या उंचीतच भरलेला असे. दोघे एकाच जागी, मग गाळणार कसे? आर्मस्ट्राँगने आवाज लहरीच्या उंचीतून काढून तिच्या कंप्रतेत भरला. हेच ते एफएम. कल्पना जुनी होती. बेल कंपनीचे जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये गणिताने दाखवले होते की त्यात फायदा काही नाही, उलट आवाज विकृत होतो. ते गणित अरुंद पट्ट्यासाठी होते. आर्मस्ट्राँगने पट्टा आवळण्याऐवजी ऐसपैस पसरला, नेहमीच्या १० किलोहर्ट्झऐवजी २००. आणि लहरीची उंची? ती तर त्याने मुद्दामच छाटून टाकली. ज्या छाटण्याने एरवी आवाज फाटतो तेच इथे खरखर घेऊन गेले, कारण आवाज आता उंचीत नव्हताच. २६ डिसेंबर १९३३ रोजी पेटंटे मिळाली.

सार्नॉफने एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावर प्रयोगाला जागा दिली. १९३४ मध्ये तिथून चाचण्या झाल्या, सुमारे ७० मैलांवर विजांच्या गडगडाटातही आवाज स्वच्छ आला. आणि एप्रिल १९३५ मध्ये सामान हलवायला सांगण्यात आले. जागा टेलिव्हिजनला हवी होती. सार्नॉफला खरखर घालवणारे एखादे उपकरण हवे होते. आर्मस्ट्राँगने आणली ती जुन्या सगळ्या केंद्रांना आणि सगळ्या रेडिओंना मोडीत काढणारी व्यवस्था. दोन मित्र इथे वेगळे झाले.

५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेत त्याने योंकर्सहून प्रक्षेपण ऐकवले. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज पेल्यात पाणी ओतल्यासारखा आला. कागद चुरगाळला तो कागदासारखा. मधल्या वेळात सभागृहात इतकी शांतता होती की केंद्र बंद पडले असे वाटावे.

कोणी पुढे येईना तेव्हा त्याने आरसीएचे शेअर विकून, तीन लाखांहून अधिक डॉलर खर्चून, हडसनकाठी अल्पाईन येथे स्वतःचा चारशे फुटी मनोरा बांधला. जनरल इलेक्ट्रिक, झेनिथ अशा कंपन्यांनी परवाने घेतले. आरसीएने १९४० मध्ये परवान्यासाठी एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या विक्रीवर टक्केवारी देत असताना सर्वांत मोठ्या कंपनीला सूट देणे त्याला अन्यायाचे वाटले, म्हणून नाकारले. युद्धकाळात आपली एफएमची पेटंटे त्याने सैन्याला मोबदला न घेता वापरू दिली. १९४५ मध्ये सरकारी आयोगाने एफएमचा पट्टाच उचलून वर, आजच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या घरात नेला. युद्धापूर्वी विकले गेलेले लाखो एफएम रेडिओ एका आदेशाने निरुपयोगी झाले.

१९४८ च्या जुलैत त्याने आरसीएवर दावा लावला. समोरच्या वकिलांनी घाई केली नाही. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर वर्ष गेले. सार्नॉफने साक्षीत सांगितले की एफएमच्या विकासासाठी आपल्या कंपनीइतके कोणीच केलेले नाही, आणि आर्मस्ट्राँग त्याच खोलीत बसून ते ऐकत होता. १९५० अखेर पेटंटांची मुदत संपली, उत्पन्न आटले, वकिलांची बिले चालू राहिली. १९५३ च्या नोव्हेंबरात तडजोडीवरून घरात भांडण झाले आणि मॅरियन बहिणीकडे निघून गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री पत्नीसाठी पत्र लिहून ठेवून आर्मस्ट्राँगने आपले जीवन संपवले. वय ६३. बेलमारच्या रात्रीला त्या दिवशी बरोबर ४० वर्षे झाली होती.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेत रिजन्सी नावाचा खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ जाहीर झाला. त्यात चारच ट्रान्झिस्टर होते आणि त्यांपैकी तीन सुपरहेटच्या कामाला जुंपलेले होते. आपल्या देशात एफएम आले २३ जुलै १९७७ रोजी, चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये.

मॅरियन यांनी खटले सोडले नाहीत. आरसीएने १९५४ अखेर दहा लाखांहून थोडे अधिक डॉलर देऊन तडजोड केली, म्हणजे १९४० मध्ये देऊ केलेलीच रक्कम. बाकीच्या कंपन्यांविरुद्ध त्या एकेक खटला जिंकत गेल्या, शेवटचा मोटोरोलाविरुद्धचा, १९६७ मध्ये. अल्पाईनचे केंद्र मार्च १९५४ मध्येच बंद झाले होते, मनोरा मात्र उभा राहिला. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले आणि त्यांच्या माथ्यावरच्या दूरचित्रवाणी केंद्रांच्या एरियल गेल्या, तेव्हा त्यांपैकी काहींनी तात्पुरते प्रक्षेपण सुरू केले ते मेजरच्या याच मनोऱ्यावरून.